नुसती बघायची स्ट्रॉबेरी

फिदेलिया बाउतिस्ताच्या घरात स्ट्रॉबेरी कोणी खात नसे. तसा नियम कोणी केला नव्हता, पण घरात आणायची छाती कोणाची होत नसे. एकदा अरासेली, तिची एकुलती एक मुलगी, शाळेतून कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक घेऊन आली. वर लाल फोड लावलेली. फिदेलियानं सुरीच्या टोकानं ती फोड उचलली, खिडकीतून खाली भिरकावली आणि केक पोरीच्या हातात परत दिला.

"हं, आता खा."

स्ट्रॉबेरीच्या शेतावरून घरी आली की फिदेलिया दारातच बूट काढायची, डोक्याचा रुमाल, त्यावरची टोपी, दोन-दोन सदरे सगळं उतरवून एका पिशवीत कोंबायची, आणि पिशवी थेट बाहेर. तरी तो गोडसर, आंबूस वास केसांत राहायचाच. शेतांनी वेढलेल्या वॉटसनव्हिलमध्ये एप्रिल ते ऑक्टोबर सगळ्या गावाच्याच अंगाला तो वास येतो. कोणाला त्यातून घर दिसतं, कोणाला पोरांची फी दिसते. फिदेलियाला त्यातून फक्त सरी दिसायची. न संपणारी, काळ्या प्लास्टिकनं झाकलेली सरी.

ती एकोणीस वर्षांची असताना सीमेपलीकडच्या ओआहाकाच्या डोंगरातून इथे आली. स्पॅनिश तोडकीमोडकी, इंग्रजी शून्य. घरी सगळे मिश्तेक, त्यांची डोंगराकडची भाषा, बोलायचे. पहिल्याच दिवशी मुकादमानं तिची भरलेली पेटी मातीत उपडी केली. देठाजवळ फळं पांढरी राहिली होती म्हणून. "डोळे घरी ठेवून आलीस का?" सगळ्या टोळीसमोर म्हणाला. ती वाकली, नवी पेटी भरायला लागली, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या टोळीत तिच्याहून जलद हात कोणाचा राहिला नाही. बाया तिच्या शेजारची सरी घ्यायला घाबरायच्या. तिच्या शेजारी आपण थांबल्यासारख्या दिसतो म्हणायच्या.

असं एकतीस वर्षं चाललं. तेवढ्या वर्षांत तिला त्या रोपाची जितकी माहिती झाली, तितकी स्वतःच्या नवऱ्याचीही नसेल. नोव्हेंबरात लावायचं. पहिली फुलं खुडून टाकायची, म्हणजे मूळ धरतं. मग रोप आजूबाजूला लांब दोऱ्यासारखे रनर सोडायला लागतं, त्या प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला नवं रोप असतं. ते दोरे कापायचे. दिसला की कापायचा. कारण दोऱ्यात गेलेली ताकद फळात येत नाही. आणि वर्षभर असं पिळून घेतलं की पुढच्या शरदात ते रोप मुळासकट उपटून टाकायचं, जमीन नांगरायची, नवं लावायचं. दुसरा वाढदिवस पाहिलेलं स्ट्रॉबेरीचं रोप फिदेलियानं शेतात कधी पाहिलं नव्हतं.

ती पन्नाशीला पोचली त्या मार्चमधली गोष्ट. रविवारी ती अरासेलीबरोबर मिरचीची रोपं आणायला रस्त्याकडेच्या एका नर्सरीत गेली. अरासेली आता एका दातांच्या डॉक्टरकडे कामाला होती, गाडी तिची होती. नर्सरी एका म्हाताऱ्या जपानी बाईची, हानाए ओकुमोतो तिचं नाव. तिचा बाप, तिचा आजा याच खोऱ्यात स्ट्रॉबेरी लावत आले होते. बाईंना शेतातलं स्पॅनिश यायचं, म्हणजे पाणी, फावडं, लवकर, उद्या, आणि काही शिव्या.

मिरच्यांकडे जाताना फिदेलिया मध्येच थांबली. एका टांगलेल्या कुंडीत स्ट्रॉबेरीचं रोप होतं. पान तेच, तीन बोटांचं, कडेला करवतीसारखं. पण फुलं गुलाबी. गडद, लाजऱ्या गालासारखी गुलाबी. एकतीस वर्षांत तिनं पांढऱ्याशिवाय फूल पाहिलं नव्हतं.

"याला रंग दिलाय?" तिनं विचारलं.

ओकुमोतोबाई हसल्या. "जातच तशी आहे."

"फळ कसं येतं?"

"येतात चार-दोन. बोटाच्या नखाएवढी. फळाचं झाड नाही हे."

"मग कशाचं?"

"बघायचं."

फिदेलियाला वाटलं, बाईंचं स्पॅनिश चुकलं. तिनं अरासेलीकडे पाहिलं. अरासेलीनं बाईंना इंग्रजीत विचारलं, ऐकलं आणि म्हणाली, "खरंच अमा, शोभेचं आहे. लोक दारात लावतात. फुलांसाठी."

"स्ट्रॉबेरी? शोभेला?"

"हो."

"आणि फळ दिलं नाही तर उपटत नाहीत?"

अरासेलीनं हे विचारलंच नाही. पण बाईंना कळलं असावं. त्यांनी कुंडीच्या बुडाशी बोट लावलं, जिथे खोड लाकडासारखं जाड, काळपट झालं होतं. "हे सहा वर्षांचं आहे," त्या म्हणाल्या.

फिदेलियानं त्या दिवशी मिरच्या घेतल्याच नाहीत. तीन गुलाबी रोपं मांडीवर घेऊन ती गाडीत बसली.

त्यांचं घर म्हणजे दोन मजली इमारतीतला वरचं बिऱ्हाड. एका ओळीत सात दारं वर, सात खाली, आणि वरच्या दारांसमोरून जाणारी लांब गॅलरी. शेतातून टाकून दिलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बादल्या तिच्याकडे होत्या. हासिंतोनं, तिच्या नवऱ्यानं, बुडाला भोकं पाडून दिली. पाडताना तोंड काही बंद नव्हतं. तो त्याच शेतांवर पाण्याचे पाइप टाकायचं काम करायचा, त्यामुळे त्याला सगळ्यातलं कळतं असं त्याचं मत होतं.

"लोक सवतीच्या नावानं बोटं मोडतात," तो म्हणाला, "माझी बायको सवतीला गाडीत घालून घरी घेऊन येते. दिवसभर तिच्यापुढे वाकतेस ते कमी पडतंय?"

"भोकं मोठी पाड. पाणी तुंबेल."

"फळ तरी दे म्हणावं तिला. आता फळही देत नाही म्हणतेस!"

"तू काय देतोस? तुला ठेवलंय ना मी?"

यावर हासिंतो हसला आणि भोकं मोठी पाडली.

बादल्या तिनं गॅलरीच्या कठड्याला तारेनं बाहेरच्या बाजूला टांगल्या. खालच्या घरात चोले राहायची. फिदेलियाच्याच टोळीतली, अरासेलीची बाप्तिस्म्याची आई, त्यामुळे दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणायच्या आणि तेवढ्या नात्याच्या जोरावर वाटेल ते बोलायच्या. सोमवारी पहाटे चोलेनं वर पाहिलं.

"कोमाद्रे, हे काय गं? मालकानं घरी पाठवलंय का काम?"

"नुसती बघायची आहेत."

"आरशात बघ. तिथे पण एक म्हातारी स्ट्रॉबेरीवाली दिसेल."

मे महिन्यात रोपांनी दोरे सोडले. एक दिवस शेतावरून आल्यावर, हात धुतलेले, रुमाल उतरवलेला, अशी ती बादल्यांना पाणी घालत होती, आणि तिचा उजवा हात आपोआप खिशाकडे गेला. खिशात छोटी वाकडी कात्री असायची. हातानं ती काढली, पहिला दोरा दोन बोटांत धरला, कात्रीचं तोंड उघडलं. आणि तिथे ती थांबली. मग तिनं कात्री मिटली, आत जाऊन स्वयंपाकघराच्या खणात टाकली, आणि परत येऊन तो दोरा कठड्याबाहेर सोडून दिला.

त्या उन्हाळ्यात दोरे वाढत गेले. हात-हात, दोन-दोन हात, टोकाला पान फुटलेलं, त्या पानाखाली मुळं शोधणारं छोटं रोप, त्यालाही गुलाबी फूल. फिदेलियानं आणखी बादल्या भरल्या. तिनाच्या सात झाल्या. बाकीचे दोरे तसेच लोंबत राहिले, थेट चोलेच्या दारावर. चोले येता-जाता डोक्यानं बाजूला सारायची आणि शिव्या द्यायची.

"तुझ्या पोरी माझ्या दारात लोंबतायत! एकीनं आज माझ्या कॉफीत डोकं घातलं."

"मग तिला साखर विचार, किती लागते."

जुलैच्या शेवटी फिदेलियाचा गुडघा गेला. सरीच्या मध्यात, गाडा ढकलताना, काहीतरी आत सरकलं आणि ती तिथेच बसली. डॉक्टरांनी सहा आठवडे काम बंद सांगितलं. आताचा मुकादम वाईट माणूस नव्हता, त्यानं खुर्ची आणवली, घरी सोडायला गाडी दिली. पण जाताना, वडीलधाऱ्या बाईला मानानं म्हणतात तसं 'दोन्या' लावून, म्हणाला, "दोन्या फिदेलिया, ओळीबरोबर चालता आलं तर या. नाही तर काय, तुम्हालाच त्रास." एकतीस वर्षं ओळ जिच्याबरोबर चालायला धडपडायची, तिला तो हे सांगत होता. ती घरी येऊन गॅलरीत खुर्ची टाकून बसली, पाय स्टुलावर.

अशात ती नोटीस आली.

इमारतीची व्यवस्था पाहायला प्रुइट नावाच्या बाई होत्या. उंच, करड्या केसांच्या, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा, हातात पाटीला लावलेले कागद. वाईट नव्हत्या, पण नियम हा त्यांच्या जिवाचा आधार होता. त्या स्वतः वर आल्या, बादल्यांकडे पाहिलं आणि कागद पुढे केला. सुदैवानं अरासेली घरी होती. तिनं वाचलं आणि तिचा चेहरा पडला.

"अमा, नियम आहे म्हणतात. गॅलरीत फक्त शोभेची झाडं ठेवायची. भाजीपाला, फळं काही नाही. उंदीर येतात, पाखरं घाण करतात. दहा दिवसांत काढा, नाही तर ते माणसं पाठवून काढतील."

"सांग तिला, ही शोभेचीच आहेत."

अरासेलीनं सांगितलं. प्रुइटबाई मान हलवून काहीतरी बोलल्या, अगदी सौम्यपणे, लहान मुलाला समजावल्यासारखं.

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या... स्ट्रॉबेरी हे फळ आहे. सगळ्यांना माहीत आहे."

फिदेलियानं स्टुलावरून पाय खाली घेतला.

"मला सांगते? मला? स्ट्रॉबेरी काय असते ते?" तिनं दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या टोकांना पडलेल्या भेगा, नखांत कायमचा बसलेला तपकिरी रंग. "तिला सांग, तिच्या न्याहारीतली प्रत्येक स्ट्रॉबेरी या हातातून गेली आहे. तिच्या आईच्या न्याहारीतली पण. कोणती खायची आणि कोणती बघायची हे या खोऱ्यात मला कळणार नाही तर कोणाला कळणार? तिला सांग, कागदाला कळतं का?"

अरासेलीनं घसा साफ केला आणि इंग्रजीत एक वाक्य बोलली.

"एवढंच?" फिदेलिया म्हणाली. "मी याहून पुष्कळ बोलले."

"अमा, थोडक्यात सांगितलं."

"हात सांगितलेस?"

"हात नाही सांगितले."

"हात सांग."

अरासेलीनं लाल होत हात सांगितले. प्रुइटबाईंनी त्या हातांकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या की वाईट वाटतं, पण आज स्ट्रॉबेरीला हो म्हटलं तर उद्या कोणी टोमॅटो लावेल, परवा मका. आणि कागद कठड्यावर ठेवून गेल्या.

संध्याकाळी जेवताना घरात भांडण झालं. हासिंतोचा सूर बदलला होता, थट्टा संपली होती.

"काढून टाक. या गावात घर मिळत नाही माहीत आहे ना? लोक गाड्यांच्या गॅरेजमध्ये राहतात. चार बादल्यांसाठी घर घालवणार?"

"सात."

"अमा, ओकुमोतोबाईंकडे परत ठेवू," अरासेली म्हणाली. "दर रविवारी बघायला नेईन तुला. शप्पथ."

"तुरुंगात भेटायला जातात तशी?"

"मग तुला नक्की काय पाहिजे?" हासिंतोनं हातातली मक्याची तोर्तिया ताटात टाकली. "समजू दे तरी आम्हाला."

फिदेलियानं बीन्स ढवळले. मग बोलली तेव्हा आवाज चढवला नाही.

"एकतीस वर्षं मी त्या रोपांना एकच सांगत आले. दे. आणखी दे. दोरा सोडलास तर कापीन, फूल लवकर आलं तर खुडीन, द्यायचं थांबलीस तर उपटीन. मला पण तेच सांगितलं सगळ्यांनी. परवा गुडघा गेला तर मुकादम म्हणतो, ओळीबरोबर आलात तर या." तिनं ताट बाजूला सारलं. "मला एक तरी स्ट्रॉबेरी नुसती बसलेली बघायची आहे. काही न देता. कोणी उपटायला आलं तर त्याला नाही म्हणणारं कोणीतरी आहे, अशी. बस, एवढंच पाहिजे."

त्यानंतर 'काढून टाक' हे शब्द हासिंतोनं पुन्हा काढले नाहीत.

शनिवारी अरासेली तिला नर्सरीत घेऊन गेली. ओकुमोतोबाईंनी सगळं ऐकलं, आत गेल्या, आणि रोपवाटिकांच्या यादीचं पान घेऊन आल्या. त्यात ते रोप शोभेच्या झाडांच्या रकान्यात छापलेलं होतं. खाली स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहून सही केली. "माझ्या आज्याला पण इथे कागद दाखवावे लागायचे," त्या म्हणाल्या. "घ्या. चालला तर चालला."

नाही चालला. प्रुइटबाईंनी पान वाचलं, परत दिलं आणि म्हणाल्या, मालक कंपनीला विचारलं, ते म्हणतात फळ लागणारं झाड म्हणजे फळझाड. गुरुवारी सकाळी दहा वाजता माणसं येतील.

गुरुवारी सकाळी फिदेलियानं गॅलरीच्या तोंडाशी, जिना संपतो तिथे, खुर्ची आडवी टाकली आणि पट्टी बांधलेला पाय समोरच्या कठड्यावर ठेवून बसली. गॅलरी तीन हात रुंद. जायचं तर तिच्या पायावरून. मांडीवर चण्यांची परात, निवडत होती. अरासेलीनं कामावर उशिरा येते म्हणून कळवलं होतं. हासिंतो पाण्याच्या पाळीवर होता, पण सकाळी जाताना खुर्चीचा एक डुगडुगणारा पाय ठोकून गेला होता.

दहा वाजता दोन माणसं आली, हातमोजे घातलेली, एकाच्या हातात तार कापायची पक्कड. वयानं मोठ्या माणसानं तिला पाहिलं आणि टोपी काढली.

"दोन्या फिदे! तुम्ही?"

तो पूर्वी तिच्या टोळीत होता. तिनंच त्याला पेटी कशी लावायची ते शिकवलं होतं.

"ये, क्वाउतेमोक. ओलांड माझा पाय."

"दोन्या, मला काय... मला सांगितलं म्हणून आलो."

"तुला दोष देत नाही. फक्त ओलांड."

तो दोन मिनिटं पक्कड या हातातून त्या हातात घेत राहिला. मग दोघं खाली उतरले. खालून चोलेचा आवाज आला, "हात लावून दाखवा तिला! ती बसली की बैल पण उठवू शकत नाही!" ही तीच चोले, जी रोज शिव्या द्यायची.

मग प्रुइटबाई वर आल्या. त्यांचा चेहरा तांबडा झाला होता. अरासेली भाषांतर करायला आईच्या मागे उभी राहिली, आणि या वेळी तिनं एकही शब्द गाळला नाही.

"तुम्ही मला पोलीस बोलवायला लावणार का?" प्रुइटबाईंनी विचारलं.

"बोलवा. पण आधी एक करा." फिदेलियानं परात बाजूला ठेवली आणि खुर्चीखालून दुकानात स्ट्रॉबेरी ज्यात विकतात तसली एक पौंडाची झाकणाची प्लास्टिकची डबी काढली. "ही भरून दाखवा. या सात बादल्यांतून. पिकलेल्या, कच्च्या, हिरव्या, कशाही. मी महिनाभर एक फळ तोडलेलं नाही, देवाशपथ. डबी भरली तर मी माझ्या हातानं सगळी रोपं उपटते. तुमच्या माणसाला हात लावायला लागणार नाही."

"हा काय पोरखेळ आहे?"

"फळझाड म्हणता ना? मग फळ दाखवा. शेतात ही डबी मी दोन पावलांच्या अंतरात भरते. इथे सात बादल्या आहेत. घाबरता कशाला?"

शेजारची दारं उघडली होती. वर पाच-सहा माणसं, खाली चोले आणि आणखी दोघी मान वर करून. प्रुइटबाईंनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा माणसांकडे. मग काय मनात आलं, त्यांनी डबी घेतली आणि क्वाउतेमोकला खूण केली. फिदेलियानं पाय खाली घेतला.

क्वाउतेमोक चांगला तोडणारा होता, आणि त्यानं फसवणूक केली नाही. प्रत्येक पान उचललं, प्रत्येक दोरा तपासला, कठड्यातून हात घालून बाहेरची बाजू चाचपली. एक, दोन. तिसऱ्या बादलीत काहीच नाही. चौथीत एक, अर्धी पाखरानं खाल्लेली. फिदेलियानं परात परत मांडीवर घेतली आणि निवडलेलेच चणे पुन्हा निवडायला लागली. पैज मारली होती खरी, पण तिनं कधी पानं उचलून मोजलं नव्हतं. तिनं फळ शोधायचंच नाही असं ठरवलं होतं ना.

सातवी बादली संपली. डबीत पाच स्ट्रॉबेऱ्या होत्या. वाटाण्याएवढ्या. डबीचं बूडही झाकलं गेलं नव्हतं. हलवली की खुळखुळ्यासारखा आवाज यायचा.

"पाच," क्वाउतेमोक म्हणाला. "साडेचार."

खालून चोले ओरडली, "मॅडम, त्यात माझ्या दारातल्या धरल्या का? तिथे एक पण नाही!" आणि गॅलरीभर हशा पिकला.

प्रुइटबाई हसल्या नाहीत. डबीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बादल्या बाहेरच्या बाजूला टांगता येणार नाहीत. एखादी खाली पडली, कोणाच्या डोक्यात गेली, तर? ते मी चालवून घेणार नाही."

अरासेलीनं सांगितलं. फिदेलियानं विचार केला आणि मान डोलावली. "हे बरोबर आहे. हे तिचं बरोबर आहे. कठड्याच्या आत घेते. पण आत घेते, काढत नाही."

"कंपनीला मी काय लिहू?"

"लिहा की मोजून पाहिलं."

त्या गेल्या. तोंडानं हो म्हणाल्या नाहीत, पण माणसं बरोबर घेऊन गेल्या. त्या जिना उतरल्यावर फिदेलिया खुर्चीत मागे टेकली. अरासेलीनं चण्यांची परात उचलून घेतली.

"अमा, भरली असती तर?"

"तर उपटली असती." आणि थोड्या वेळानं, "मग ओकुमोतोबाईंकडून परत आणली असती."

संध्याकाळी हासिंतोला सगळी हकिगत चोलेनं जिन्यातच सांगितली, तिखटमीठ लावून. तो वर आला, बायकोकडे पाहिलं आणि जेवायला बसला. रविवारी तो शेतातून टाकून दिलेले ठिबकच्या नळीचे तुकडे घेऊन आला आणि दिवसभर खपून सातही बादल्यांना बारीक नळी जोडून दिली. नळाची चावी अर्धा फेरा फिरवली की सगळीकडे थेंब-थेंब. फिदेलिया त्याच्यामागे उभी राहून तपासत होती.

"सवतीला पाणी पाजतोस?"

"आता घरात राहणारच म्हणते तर काय करू," तो म्हणाला. "तहानलेली भांडते जास्त."

जानेवारीत भाडेकरूंसाठी नियमांचा नवा कागद आला. नवव्या नियमात भाजीपाला आणि फळझाडं तशीच बंद होती, पण शेवटी कंसात एक ओळ वाढली होती: गुलाबी फुलांची स्ट्रॉबेरी वगळून. अरासेलीनं ती दोनदा वाचली. फिदेलियानं तिसऱ्यांदा वाचायला लावली. मग त्या इमारतीत तीन घरांनी बादल्या ठेवल्या. चौथी चोले.

"पोरी माझ्या दारात वाढल्या, एक तरी मला दे," ती म्हणाली.

"देते. पण दोरा कापायचा नाही."

"बरं."

"आणि फळ शोधायचं नाही."

"पाच फळांसाठी कोण शोधणार, कोमाद्रे? मी काय ती प्रुइट आहे?"

गुडघा पहिल्यासारखा झाला नाही. ओळीबरोबर चालणं फिदेलियाला पुन्हा जमलं नाही, आणि मुकादमानंही निरोप पाठवला नाही. फेब्रुवारीत ती स्वतः शेतावर गेली, त्याच्या गाडीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ओळ नको. पण एकतीस वर्षांचं काम असं गाडीतून उतरवून टाकता येत नाही. दुसरं काम दे." त्यानं डोकं खाजवलं. शेवटी त्यानं तिला रनर कापणाऱ्या टोळीत घातलं. तिथे घाई नसते, चाकांच्या छोट्या पाटावर बसून सरकत जायचं असतं. दिवसाकाठी हजारो दोरे तिची ती वाकडी कात्री आता कापते.

हासिंतो यावरून तिला छळतो. "तिथे कापतेस, इथे वाढवतेस. कोणत्या तोंडानं पाणी घालतेस त्यांना?"

"तिथली त्यांची," फिदेलिया म्हणते. "इथली माझी."

आणि धुक्यानं भिजलेले बूट दाराबाहेर काढून ती नळाची चावी अर्धा फेरा फिरवते.